अकरा रेघांचा ठिपका

मंगळवारी सकाळी ड्रममधून एकशे दहा चादरी निघाल्या आणि एकीवरचंही रक्त गेलेलं नव्हतं. सगळे डाग तपकिरी होऊन कापडात बसले होते.

आमचं धुलाईघर इस्पितळांचे कपडे धुतं. एकाच मालकाची अशी तीन धुलाईघरं आहेत. मी आमच्याकडची डागवाली. कुठला डाग कशाने जातो हे ठरवणं माझं काम.

"पाणी गरम होतं?" मी ड्रमवाल्याला विचारलं.

"हो मावशी. स्क्रीनवर लिहिलंय. भिजवणे, गरम पाणी, वीस मिनिटं."

रक्ताला गरम पाणी लागलं की डाग पक्का होतो, हे जुन्या माणसाला झोपेतसुद्धा कळतं. पण हा चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेला. त्याच्या लेखी स्क्रीन म्हणजे ब्रह्मवाक्य.

तेवढ्यात फोन आला. दुसऱ्या शाखेतही तेच झालं होतं. इस्त्रीवाला चादर उलगडून म्हणाला, "डागवाली, नकाशे छान काढलेस. हा समुद्र आणि हे बेट."

मी चादर त्याच्या हातातून काढून घेतली. सोमवारी मीच स्क्रीनवर थंडच्या जागी गरम असं लिहिलं होतं. पण ते स्वयंपाकघरातल्या तेलकट एप्रनसाठी.

माझी भाची मालकाच्या ऑफिसात संगणकाचं काम करते. तिन्ही धुलाईघरांच्या सगळ्या कृती एकत्र ठेवायला तिने ग्राफ डेटाबेस उभा केला. आम्ही त्याला जाळं म्हणतो. त्यात प्रत्येक काम म्हणजे एक ठिपका. भिजवणे, घासणे, उकळणे, पिळणे. यानंतर ते करायचं असेल तर मध्ये रेघ. आणि प्रत्येक कृतीला टॅग, म्हणजे शोधायला चिकटवलेल्या चिठ्ठ्या.

संध्याकाळी ती आली आणि तिने कपाळावर हात मारला. "मावशी, 'भिजवणे' हा ठिपका एकच आहे गं. सगळ्या कृती त्याच्यातूनच जातात. तू तो बदललास, म्हणजे सगळीकडे बदलला."

"मला वाटलं एप्रनचं पान वेगळं."

"पान नाहीच इथे."

वहीत तसं होत नाही. वहीत एका पानावर खोडलं तर दुसरं पान जसंच्या तसं राहतं. माझी सगळी अक्कल वहीतली होती.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक आले. ओरडले नाहीत, त्याने जास्त लागलं. "उद्यापासून जाळ्यात लिहायचं ते ऑफिसनेच. धुणाऱ्यांनी फक्त वाचायचं."

"साहेब, चूक माझी. शिक्षा सगळ्यांना का?"

"शिक्षा नाही, खबरदारी."

पण ऑफिसने लिहिलेलं आम्ही पाहिलं होतं. आयोडीनच्या डागाची कृती त्यांनी भरली आणि टॅग लावला 'रसायन वर्ग तीन'. ड्रमवाल्यासमोर चादर येते तेव्हा तिच्यावर वर्ग लिहिलेला नसतो, पिवळा-तपकिरी डाग असतो. त्याने 'पिवळा डाग' शोधलं तर हाती भोपळा. माझ्याआधीचा डागवाला गेला तेव्हा त्याच्या निम्म्या कृती त्याच्याबरोबर गेल्या. जाळं आल्यावर वाटलं होतं, आता असं होणार नाही. लिहिणं आमच्या हातून गेलं तर आमच्या कृतीही तशाच जाणार.

"मी बिघडवलंय, मी निस्तरते," मी म्हटलं. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्या. कुठे कुठे काय बिघडलं ते सगळं शोधून दुरुस्त करते. एक जरी कृती सुटली तर खुशाल कुलूप लावा."

ते म्हणाले, "शुक्रवार सहा. तोवर सगळ्या धुण्याचं पाणी तुम्ही सांगाल तसं."

भाची संगणकासमोर बसली. तिने जाळ्याला विचारलं, या ठिपक्यातून कोणकोणत्या कृती जातात? पडद्यावर ठिपका आला आणि त्याला फुटलेल्या अकरा रेघा.

"अकरा!"

"म्हणून म्हणते, बदलायच्या आधी रेघा मोजायच्या."

आम्ही एका ठिपक्याचे दोन केले. थंड भिजवण आणि गरम भिजवण. भाचीने 'रक्त' टॅग शोधला, सहा कृती आल्या. त्या तिने एका दमात थंडाला जोडल्या, उरलेल्या पाच गरमाला. "झालं. चहा घेऊ या."

"थांब. त्या पाच वाच."

"टॅगप्रमाणे बरोबर आहे, मावशी."

"टॅग कुणी लावले? वाच."

ती वाचू लागली. एप्रन. हातपुसणी. पायपुसणी. मलमाचे डाग. प्रसूती विभागाच्या चादरी.

"प्रसूतीच्या चादरींवर काय असतं गं?" मी म्हटलं. "गुलाबपाणी?"

भाचीने जीभ चावली आणि ती कृती थंडाला जोडली. ऑफिसने त्या कृतीला विभागाचं नाव लावलं होतं, डागाचं नाही. टॅगवर विसंबलो असतो तर त्या चादरी रोज गरम पाण्यात गेल्या असत्या, आणि तेही आमच्या दुरुस्तीमुळे.

मग मी हट्टाला पेटले. जाळ्यात एकूण चौऱ्याऐंशी कृती होत्या. एकेक उघडली. ड्रमवाल्याला, घासणाऱ्या बायकांना, इस्त्रीवाल्यालाही बोलावलं आणि विचारलं, हा डाग समोर आला तर तू काय म्हणून शोधशील? जे तोंडातून निघालं तो टॅग. 'तेलकट'. 'चिकट'. 'औषधाचा वास'. इस्त्रीवाला म्हणाला, "'जळका' पण लिही, म्हणजे माझी पापं सापडतील." तोही लिहिला. माझं टाइप करणं म्हणजे कोंबडीने दाणे टिपावे तसं, पण टिपत राहिले. बिघडलेल्या चादरींपैकी साठेक रक्ताचा डाग सोडवणाऱ्या एन्झाइमच्या पावडरीत भिजवल्याने वाचल्या. बाकीच्यांची फडकी झाली.

शुक्रवारी व्यवस्थापक आले. मी त्यांना अकरा रेघा दाखवल्या आणि प्रसूतीची कृतीही, आमच्या हातून सुटता सुटता राहिलेली. लपवण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी स्वतः 'पिवळा डाग' असं शोधलं. आयोडीनची कृती पहिलीच आली. मग 'चिकट' शोधलं. मग आणखी काही. बराच वेळ शोधत होते.

"लिहा तुम्ही," ते शेवटी म्हणाले. "पण एकट्याने नाही. प्रत्येक बदलाला दोघांची संमती."

"चालेल. पण त्या दोघांपैकी एक धुणारा हवा. दोन्ही ऑफिसचे नकोत."

"आणि दोघांचं पटलं नाही तर?"

"तर एक चादर धुवून बघायची."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि नियम तसाच लिहून घेतला.