आदिलचा वाटा

बंदराकडच्या वस्तीत मुनिराबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. बाई मासे विकते, पण नाकावर माशी बसू देत नाही. भाव एकदा सांगितला की सांगितला. गिऱ्हाइकाने घासाघीस सुरू केली की ती शांतपणे विळी पुसत बसे, आणि गिऱ्हाईक मुकाट्याने पाकीट काढी. नवरा गेला, पदरात लहान लेक, तरी तिने कुणापुढे हात पसरला नव्हता. अशा बाईचा धाकटा भाऊ किनाऱ्यावर पालथ्या होडीखाली झोपतो, हे तिला किती लागत असेल ते वेगळं सांगायला नको.

हा भाऊ, आदिल, मुळात चांगला खलाशी होता. एका हंगामात त्याला इंजिनाच्या आवाजात माणसं बोलताना ऐकू यायला लागली, आणि मग इंजिन बंद झालं तरी ती बोलायची थांबेनात. सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर जिल्ह्याच्या गावाहून महिन्यातून एकदा येई, म्हणजे यायला हवा असे. त्याच्या गोळ्यांनी आदिलला उतार पडला होता. मग गोळ्या आल्याच नाहीत. पुढच्या महिन्यात बघा, असं खिडकीतून उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यात डॉक्टरच रजेवर. बाहेरून विकत घ्याव्यात तर चिठ्ठी जुनी झाली म्हणून दुकानदार देईना. माणसाचं मन दवाखान्याचं वेळापत्रक पाहून बिघडत नाही, पण हे सांगायचं कुणाला?

मुनिराच्या खोलीच्या मालकाने त्याला आधीच बाहेर काढलं होतं. तू आणि लेक राहा, तो नको, असं म्हणाला. मुनिराने दुसरी खोली शोधली, पण वस्तीत तिच्याआधी आदिलची बातमी पोचत असे. तेव्हा आदिलला आसरा दिला तो रापणीने.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर माणसांनी वाळूवरून ओढायचे. दोराला ज्याचा हात, त्याला माशांचा वाटा. जातधर्म, नातंगोतं कुणी विचारत नाही. हौसेने हात लावणारा पाहुणासुद्धा चार बांगडे घेऊन जातो. आणि रोजचा दोरावरचा माणूस जाळी ठेवायच्या खोपीत, मांगरात झोपला तर त्याला कुणी उठवत नाही. आदिल दोर ओढी आणि मांगरात झोपे. आपला भाऊ कुणाच्या उपकारावर जगत नाही, याचा मुनिराला केवढा अभिमान वाटे.

गोळ्या संपल्या आणि एका सकाळी त्याने भर ओढीत दोर सोडला. कानांवर हात दाबून तो खाली बसला, त्याच्या मागचे दोघं आपटले, जाळं एका बाजूने सैल पडलं आणि आत आलेली सगळी तारली निसटून गेली. माणसं भडकली. रापणीचा तांडेल बाबलीकाका, त्याचा शब्द म्हणजे रापणीचा शब्द. त्याने आदिलला दोरावर यायला मनाई केली. दोर गेला तसा मांगरही गेला.

पण बाबलीकाका काही दगड नव्हता. पोराची उपासमार होऊ नये म्हणून त्याने ठरवलं, की आदिलचा वाटा चालू ठेवायचा. दोराला हात न लावता. रोज कुणीतरी पालथ्या होडीपाशी मासे नेऊन ठेवी, काही न बोलता. सगळ्यांना आपण केलं ते बरंच वाटलं.

आदिल ते मासे वाळूत फेकून देऊ लागला. मग त्याने मुनिराने आणलेली भाकरीही नाकारली. दिवसेंदिवस तो खंगत चालला. गालफडं बसली, ओठ फुटले. दवाखान्यात सलाइन लावून संध्याकाळी घरी पाठवलं, म्हणजे होडीखालीच.

गंधार हा गावचाच शिकलेला मुलगा. किनाऱ्यालगत पाहुण्यांसाठी त्याच्या चार खोल्या होत्या. पाहुणे आदिलला घाबरत, हे खरं, पण गंधारला त्याची कीवही येत होती, हेही तितकंच खरं. त्याने घाटावरच्या एका आश्रमात बोलणी केली. शुक्रवारी सकाळी गाडी येईल, तिथे जेवण आहे, छप्पर आहे, असं त्याने मुनिराला सांगितलं. भेटायला कधी येता येईल, असं तिने विचारलं. सुरुवातीला नातेवाईक नकोत म्हणतात, असं तो चाचरत म्हणाला. मुनिरा नाही म्हणाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपलं माणूस आपल्याला पोसता येत नाही असं वाटलं, आणि तिची मान खाली गेली.

गुरुवारी दुपारी ती पेज घेऊन होडीपाशी बसली. दोन घोट तरी घे, म्हणून ती विनवत राहिली. शेवटी तो बोलला.

"आपा, मेल्ल्याचो वाटो घरपोच करतत. माझो केल्यानी. मगे मी जेवतलंय कसो?"

मुनिराने पेज खाली ठेवली. या रापणीची ती जुनी रीत होती. दोरावरचा माणूस वारला की हंगाम संपेपर्यंत त्याचा वाटा त्याच्या दारात नेऊन ठेवायचा, काही न बोलता. तिच्याही दारात तो आला होता, नवरा गेला तेव्हा. जिवंत माणसाला असा वाटा कधीच कुणी पाठवला नव्हता. आणि ज्याला आधीच न दिसणारी माणसं बोलताना ऐकू येतात, त्याला साऱ्या गावाने मिळून, दयेपोटी, तू मेलास म्हणून कळवलं होतं.

ती तशीच मांगरात गेली. बाबलीकाका जाळं सांधत बसला होता. तिने सगळं सांगितलं. त्याच्या हातातली सुई थांबली, तोंड उतरलं. पण आदिलला परत दोरावर घ्या म्हणताच तो सावध झाला. पुन्हा सोडला तर साऱ्यांचं जेवण दर्यात जाईल, लोक ऐकणार नाहीत, म्हणाला.

"तेच्या मागचो हात माझो," मुनिरा म्हणाली. "तो सुटलो तरी दोर सुटाचो नाय. तुमी तेका मारल्यात, बाबलीकाका. आता तुमीच जितो करा."

बाबलीकाकाशी असं कुणी बोलत नसे. त्याने सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग उठला, होडीपाशी गेला आणि वाळूत उकिडवा बसून म्हणाला, "आदिल, फाल्यां माणूस कमी आसा. येशीत?"

मुनिराने पेज पुढे केली. आदिलने ती घेतली.

शुक्रवारी सकाळी तो दोरावर होता. त्याच्या मागे साडी खोचून मुनिरा, तिच्या मागे कुरकुर करणारे दोघं. त्याच्या अंगात जोर नव्हता, नुसता हात होता. अर्ध्या ओढीत गंधारने ठरवलेली गाडी रस्त्याला येऊन थांबली, आणि नेमका तेव्हाच आदिलही थांबला. तो पुटपुटू लागला. त्याचे खांदे थरथरताना मुनिराला दिसले. दोराचा सगळा भार तिच्या तळहातांवर आला, कातडी सोलली.  मागच्या दोघांनी कुरकुर सोडून पाय रोवले. बाबलीकाकाने सगळ्यांची ओढ संथ केली, म्हातारा माणूस चालेल इतकी संथ. आदिल रडत होता, पण त्याची बोटं दोरावरून सुटली नव्हती. थोड्या वेळाने त्याने पाऊल मागे टाकलं. मग दुसरं.

जाळं आलं. फार नव्हतं काही, बांगडे आणि थोडे पेडवे. वाळूवर वाटे पडले. बाबलीकाका एकेकाचं नाव घेत होता. आदिलचं नाव त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं. आदिल वाकला, आपल्या हातांनी आपला वाटा उचलला आणि मांगराकडे चालू लागला. चालताना तो अजूनही कुणाशीतरी बोलत होता. त्याला आत जाताना कुणी अडवलं नाही.

गंधार पुढे आला. गाडीवाला थांबलाय, तयारी झाली का, असं त्याने हळूच विचारलं. मुनिराने रक्ताळलेले हात समुद्राच्या पाण्यात बुडवले. झोंबलं, तरी तिने चेहरा हलू दिला नाही. आपल्या भावाचा, या माणसांचा आणि स्वतःचाही तिला इतका अभिमान वाटत होता की तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"माझो भाव खंय जावचो नाय," ती म्हणाली. "तेका घर आसा, काम आसा. तेका नाय तो डॉक्टर. तू गाडी आणलंस ता बरा केलंस. जा, डॉक्टराक घेवन ये."

गंधार गाडीकडे गेला. ड्रायव्हरने विचारलं, पेशंट कुठाय? गंधार पुढच्या सीटवर बसला आणि गाडी जिल्ह्याच्या रस्त्याला घ्यायला सांगितली.