पवनचक्कीचं पुस्तक

"बाबा, आज पुस्तक सप्ताहाची मिरवणूक आहे," टोस्ट चावत टिली म्हणाली. "पुस्तकातलं कुणीतरी होऊन जायचंय."

वॉरिकच्या हातातला चहा हातातच राहिला. "आज? आणि हे आत्ता सांगतेस?"

"पंधरा दिवस झाले, चिठ्ठी फ्रिजवर लावलीये. मला वाटलं, वाचली असशील."

गेल्या ऑगस्टात याच मिरवणुकीसाठी टिलीच्या आईनं, जिनेटनं, महिनाभर शिवत बसून लेकीला समुद्रातली चेटकीण केलं होतं. मार्चमध्ये जिनेट गेली. शिवणयंत्रावरचं कापड त्यानंतर कुणी काढलं नव्हतं. वॉरिक आसपासच्या गुरांच्या फार्मांवर पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या दुरुस्त करत हिंडायचा. त्याला साधं बटणही लावता येत नसे.

"पोट दुखतंय म्हणून कळवू?" त्यानं हळूच विचारलं.

"खोटं?"

"थोडंसंच."

"नको. मी तुझ्या पुस्तकातली होते."

ती गाडीतून त्याचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. पानापानावर वंगणाचे ठसे. जिनेट रोज झोपताना टिलीला गोष्ट वाचायची, आवाज बदलून बदलून. ती गेल्यावर वॉरिकनं दोनदा प्रयत्न केला. दोन्हीदा आवाज चिरकला आणि त्यानं पुस्तक मिटलं. तिसऱ्या दिवशी त्यानं हे पुस्तक काढलं. यात रडू येण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून रोज एक पान.

त्याचा निळा डगला घालून, बाह्या चार वेळा दुमडून आणि कमरेला पाना खोचून टिली शाळेत उतरली. मैदान चाचे, राण्या आणि मधमाश्यांनी भरलं होतं.

"तू कोण गं? नळवाली?" एका मोठ्या मुलीनं विचारलं.

"पवनचक्कीवाली."

"अय्या, गोष्टीतलं व्हायचं असतं!" पोरी फिदीफिदी हसल्या.

कुंपणापाशी उभ्या वॉरिकला वाटलं, जावं आणि पोरीला उचलून घरी न्यावं. मार्चपासून ती वर्गात मोठ्यानं वाचायला तोंडच उघडत नव्हती. तेवढ्यात ग्रंथालयाच्या हॅलोरनबाई माइक घेऊन तिच्यापुढे थांबल्या.

"कुठल्या पुस्तकातून आलीस, टिली?"

टिलीनं पुस्तक उंच धरलं.

"दोन ओळी वाचतेस? नाही वाचल्यास तरी चालेल हं."

टिलीनं पुस्तक खाली घेतलं. वॉरिकनं कुंपणाच्या तारेवरची मूठ आवळली. मग तिनं पान उघडलं.

"पंप पाणी ओढत नसेल, तर लगेच वर चढू नका. आधी खाली बघा. दहातल्या नऊ वेळा दोष चामड्याच्या वॉशरचा असतो. नवा वॉशर आधी भिजवा. कोरडा बसवाल, तर फाटेल."

कुठंही अडखळली नाही. सगळे विराम वॉरिकसारखेच होते, मधलं खाकरणंसुद्धा.

"बरोबर बोलतेय पोरगी!" मागून एक म्हातारा शेतकरी ओरडला. "माझा कोरडाच बसवला होता!"

सगळं मैदान हसलं. टिलीही हसली. वॉरिकची मूठ सुटली. तळव्यावर तारेचा वळ उठला होता.

नंतर हॅलोरनबाईंनी त्याला गाठलं. "एवढं घडाघडा वाचायला शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. मी आपला वाचतो, ती शेजारी..."

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या.

टिलीनं ग्रंथालयातून एक गोष्टीचं पुस्तक आणून त्याच्या हातात दिलं. "आज हे?"

"बघू या," तो म्हणाला. आवाज साफ निघाला.

बाईंनी ग्रंथालयातलं त्यांच्या घराचं कार्ड काढलं. वर अजून जिनेटचं नाव होतं. त्यांनी पेन उचललं आणि अवघडून त्याच्याकडे पाहिलं.

"ते खोडू नका," वॉरिक म्हणाला. "खाली जागा आहे. तिथं माझं लिहा."