राखुंडीची थिअरी

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला एका मुलाने ‘बे’ म्हटलं आणि मी दिवसभर खूश होते.

“राखुंडी भाऊ, रोज तेच तेच लिहून काहून डोक्स खाऊन राहिला बे? तुझी थिअरी फालतू आहे.”

फोनवर हे वाचलं तेव्हा मी वाती वळत बसले होते. इतकी हसले की माझी सून हर्षा स्वयंपाकघरातून धावत आली.

“काय झालं आई?”

“एकाने मला फालतू म्हटलं.”

“हो आई,” असं म्हणून ती पुन्हा फोडणीकडे वळली.

हे ‘हो आई’ जरा सांगायला हवं. आमच्या घरी मला कोणी नाही म्हणत नाही. मुलगा पुष्कर गुणी, हर्षा त्याहून गुणी. मी वरणात मीठ कमी आहे म्हटलं तरी ‘हो आई’, जास्त आहे म्हटलं तरी ‘हो आई’. एकदा मुद्दाम मी पुष्करला म्हटलं, “कोराडी नागपूरच्या दक्षिणेला, नाही का रे?” ज्या मुलाचा जन्म कोराडीच्या वसाहतीतला, जो दहावीपर्यंत तिथून बसने शहरात शाळेला आला, तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, “हो आई.” कोराडी उत्तरेला आहे. वसली तेव्हापासून ती उत्तरेलाच आहे.

त्या दिवशी मला विश्वनाथांची फार आठवण झाली. माझे यजमान वीजकेंद्रात नोकरीला होते आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं एक विधान बिनविरोध मंजूर केलं नाही. “तारा, चूक,” हे त्यांचे आवडते दोन शब्द. चहा पिताना सुरू झालेला वाद जेवणाच्या ताटावर चालू राहायचा, आणि त्यात मी जिंकले की ते उठून स्वतःच्या हाताने पान लावून द्यायचे. ते गेले आणि माझ्या आयुष्यातून ‘चूक’ हा शब्दच गेला. मी एकदम सगळ्याच बाबतीत बरोबर झाले. माणसाचं इतकं बरोबर असणं काही चांगलं नाही.

मग मोतीबिंदू आला, आणि त्याच्या मागून ज्योत आली.

धंतोलीत ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी बसली. नात वेदिका तेव्हा सुट्टीवर घरी होती. ती उशाशी बसून मला एक पुस्तक वाचून दाखवू लागली. ‘मावळदीप’ नावाची जादूच्या दुनियेची कादंबरी, सहा भाग आलेले आणि सातवा यायचा. मी म्हटलं, मला कशाला राक्षसांच्या गोष्टी? दुसऱ्या दिवशी तीच दुपारी झोपली तेव्हा मी तिला हलवून उठवलं. पट्टी सुटली, वेदिका पुण्याला नोकरीवर परत गेली, आणि उरलेले भाग मी नव्या डोळ्यांनी वाचून काढले.

त्या दुनियेत ज्योतकरी नावाची माणसं असतात. ते तळहातावर ज्योत पेटवतात आणि तिच्या बळावर पूल उभा करतात, पूर थांबवतात. पण पहिल्या भागाच्या पहिल्याच पानावर नियम दिला आहे: ज्योत फुकट पेटत नाही. दर वेळी ज्योतकऱ्याचं काहीतरी जातं. कुणाच्या जिभेवरची गोडाची चव जाते, कुणाला आईचा चेहरा आठवेनासा होतो. आणि कथेची नायिका निहिरा सहा भाग ज्योत पेटवते आहे, तिचं मात्र काहीच जात नाही. का?

या ‘का’साठी हजारो मुलं फोनवर रात्रंदिवस भांडत असतात. नागपूरच्या मुलांचा वेगळा ग्रुप होता. वेदिकाने मला त्यात घातलं आणि म्हणाली, “खरं नाव नको टाकू आजी, कोणीच टाकत नाही.” मी ‘राखुंडी’ असं नाव घेतलं. लहानपणी नागपुरातल्या महाल भागातल्या घरी आम्ही राखुंडीने दात घासायचो. ती करकर अजून दाढेत आहे. शिवाय माझी थिअरीच राखेची होती.

कोराडीच्या वसाहतीत मी उमेदीची वर्षं काढली. शहरात दिवे लागायचे, सीताबर्डीची दुकानं उजळायची, आणि आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर सकाळी राखेचा बारीक थर बसलेला असायचा. उजेड एकीकडे, राख दुसरीकडे. मी लिहिलं: निहिराचंही काहीतरी जळतंच आहे, फक्त राख दूर पडते. नीट वाचा. तिने ज्योत पेटवली की दर वेळी दूरच्या पाणसर गावात काहीतरी बिघडतं. दुसऱ्या भागात तिथलं दही लागत नाही, तिसऱ्यात घंटेचा आवाज जातो. निहिराची किंमत पाणसरची माणसं मोजताहेत.

ग्रुपमध्ये खळबळ उडाली. निम्मी मुलं माझ्या बाजूची झाली. आणि रजत नावाचा एक मुलगा हात धुऊन मागे लागला. त्याची थिअरी वेगळी होती: निहिराचं जातं आहे, पण ते अजून तिला मिळालेलंच नाही. तिच्या वाट्याला येणारं उद्याचं सुख आधीच जळतं आहे. थिअरी सुंदर होती, हे मी त्याला सांगितलं नाही. मी लिहिलं, “उद्याचं जळतं तर तुला आज कसं दिसलं रे?” त्यावर तो तीन-तीन हात लांब उत्तरं लिहायचा. मला भाऊ म्हणायचा, बे म्हणायचा, एकदा तर ‘चष्मा लाव बे’ म्हणाला. मी चष्मा लावूनच ते वाचत होते.

असे चार महिने मजेत गेले. मग ग्रुप चालवणाऱ्या अश्लेषाने जाहीर केलं की सातवा भाग यायच्या आत सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटायचं. रविवारी संध्याकाळी, लक्ष्मीनगरात, तिच्या मावशीच्या शिकवणी वर्गात. “राखुंडी आणि रजतची समोरासमोर कुस्ती!” असंही तिने लिहिलं.

मी वेदिकाला फोन केला.

“जा ना आजी! किती भारी वाटेल सगळ्यांना.”

“तेच तर. भारी वाटेल. मग भांडतील का?”

हुशार मुलगी आहे. “मग नको जाऊ,” म्हणाली.

पण न जाणं म्हणजे कुस्तीला घाबरणं, आणि त्याबद्दल विश्वनाथांनी मला जन्मभर चिडवलं असतं. दिवस भुलाबाईचे होते. लहानपणी या महिन्यात आम्ही मुली संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणायचो, आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. डबा बंद. जिच्या घरची खिरापत, ती डबा कानाशी वाजवणार. बाकीच्यांनी गोड का, तिखट का, विचारत विचारत नेमका पदार्थ सांगायचा. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नसे. मी विचार केला, रिकाम्या हाताने कशाला जायचं? चिवडा केला आणि डब्यात भरला. भरताना मनात काहीच नव्हतं, असं म्हणणार नाही.

पुष्करने मला गाडीने सोडलं. मी दारात उभी राहिले. आत दहा-बारा मुलंमुली गलका करत होती.

“आजी, कोणाकडे आलात?” अश्लेषाने विचारलं.

“तुमच्याकडेच. मी राखुंडी.”

सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मग एकीने ‘अय्यो!’ केलं, आणि पुढच्या क्षणी सगळी रांगेने माझ्या पाया पडू लागली. कोणी खुर्ची आणली, कोणी तिच्यावर उशी ठेवली, कोणी पंखा हळू केला. शेवटी एक उंच, काटकुळा मुलगा पुढे आला. त्याचे कान मिरचीसारखे लाल झाले होते. भिवापूरहून सकाळच्या बसने आलेला हा रजत.

“आजी, मले माहीत नव्हतं. मी तुम्हाले काय काय बोललो. माफ करा.”

“अरे, माफ कशाला? बोल ना, आज समोर बोल.”

“नाही नाही. तुमची थिअरी बरोबर आहे.”

गेली कुस्ती! काल याच मुलाने माझ्या थिअरीला भोकं पडलेली चाळणी म्हटलं होतं.

मी माझं म्हणणं मांडलं. सगळे माना हलवत होते. “किती छान, आजी.” “आजी, तुमच्यासारखं वाचायला पाहिजे.” अश्लेषाने माझ्यासोबत फोटो काढला. मी मुद्दाम म्हटलं, “आणि तिसऱ्या भागात निहिरा डाव्या हातावर ज्योत पेटवते, तिथे तर स्पष्टच आहे.” ज्योत उजव्या हातावर होती. तिथल्या एकूण एक मुलाला ते पाठ होतं. रजतचे ओठ हलले. मग त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “हो आजी.”

कोराडी पुन्हा दक्षिणेला गेली.

घरी जावं असं वाटलं. पण पिशवीत डबा होता.

“बरं,” मी म्हटलं, “यात काय आहे ते ओळखा. ओळखल्याशिवाय कोणाला मिळणार नाही.”

“भुलाबाईची खिरापत!” अश्लेषा उडालीच. तिने लहानपणी काटोलला आजोळी हे केलं होतं. तिने बाकीच्यांना नियम सांगितले: प्रश्न विचारा, डबा ऐका, झाकणाला हात लावायचा नाही.

मी डबा हलवला. आवाज नाही.

“गोड?” “नाही.” “मऊ?” “नाही.” “मऊ नाही अन् वाजत पण नाही? पुन्हा हलवा.” मी पुन्हा हलवला. काहीच नाही. आता मुलं खुर्च्या पुढे ओढू लागली. रजतने डबा कानाला लावला, मग नाकाला.

“वास घ्यायचा नाही!” मी ओरडले.

“असं कोणी म्हटलं नाही, आजी.”

“आता म्हटलं.”

पाटवडी झाली, सांबारवडी झाली, कोणी संत्रा बर्फी म्हटलं त्याला बाकीच्यांनी हुसकावलं, गोड नाही म्हणून सांगितलं ना! गलका एवढा वाढला की खालून चौकीदार डोकावून गेला. शेवटी सगळे हरले. मी झाकण काढलं. आत जाड पंच्यात घट्ट गुंडाळलेला चिवडा होता.

“ही चीटिंग आहे!” रजत उभाच राहिला. “कपडा गुंडाळला! चिवडा वाजला असता!”

महालातल्या आमच्या गल्लीत देवकीकाकूंनी एकदा हेच केलं होतं, आणि आठ दिवस भांडण चाललं होतं.

“कपडा गुंडाळू नये असा नियम कुठे होता?” मी शांतपणे विचारलं.

“मंग वास घेऊ नये असा तरी कुठं होता? तो तुम्ही मधात टाकला!”

“डबा माझा.”

“म्हणजे डबा तुमचा म्हणून वाट्टेल तेव्हा नियम बदलायचे? तुम्ही थिअरीत पण हेच करता! रोज हेच करता!” हात हलवत तो माझ्या खुर्चीपर्यंत आला. “पाणसरवर राख पडते म्हणता. चौथ्या भागाच्या शेवटी पाणसर पुरात वाहून गेलं. माणूस नाही राहिला तिथं. पाचव्या भागात निहिरानं डोंगराचं दार उघडलं, सगळ्यात मोठी ज्योत. तिची राख कोणावर पडली? सांगा!”

पुराचं लक्षात होतं. डोंगराचं दारही लक्षात होतं. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून मी कधी पाहिली नव्हती.

“वारा फिरला असेल,” मी म्हटलं.

“पाहा! पाहा! आला नवीन नियम! आता वारा आणला! असं नसते बे आजी!”



“रजत!” अश्लेषाने त्याची बाही ओढली. त्याने जीभ चावली. कान पुन्हा लाल झाले.

आणि मी हसायला लागले. वाती वळताना हसले होते तशीच, फक्त जास्त. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला. मुलं घाबरून बघत राहिली.

“आणि तिसऱ्या भागात ज्योत कोणत्या हातावर होती रे?” मी चष्मा पुसत विचारलं.

“उजव्या,” तो पुटपुटला.

“मग मघाशी काहून नाही म्हटलं बे?”

त्यानंतर जे झालं त्याला बैठक म्हणता येणार नाही. कोणी राखेची बाजू घेतली, कोणी उद्याची. उशी कुठे गेली कळलं नाही. “थांबा आजी, तुमचं झालं, आता माझं,” असं अश्लेषाने मला दोनदा गप्प केलं. मी रजतला विचारलं, उद्याचं सुख जळतं तर सहाव्या भागात निहिराला हरवलेली बहीण कशी भेटली? तो अडखळला, डोकं खाजवलं, “त्याचंच उत्तर शोधून राहिलो,” म्हणाला. चिवडा कधी संपला ते चिवड्यालाच माहीत.

पुष्कर न्यायला आला तेव्हा मी उभी राहून एका मुलीला फळ्यावर पाणसरचा रस्ता काढून दाखवत होते.

“आई, थकलीस का?” गाडीत त्याने विचारलं.

“हरले,” मी म्हटलं. “पाचव्या भागात सपशेल हरले.”

“हो आई,” म्हणता म्हणता त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी जरा हळू केली. “मग एवढी खूश काहून आहेस?”

घरी येऊन मी पाचवा भाग काढला. डोंगराचं दार, ती रात्र, सगळं पुन्हा वाचलं. रजत बरोबर होता. पाणसरमध्ये कोणीच नव्हतं. मात्र दोन पानं पुढे एक ओळ होती, जिच्यावरून मी दरवेळी घाईने पुढे गेले होते: पुरातून वाचलेली पाणसरची माणसं आता निहिराच्याच गावात राहायला आली होती. म्हणजे राख पडायला आता दूर जायची गरजच नव्हती!

मी ग्रुपवर लिहिलं, “सापडलं! वाऱ्याचं मागे घेते. त्याहून भारी आहे.”

सगळ्यांच्या आधी रजतचं उत्तर आलं.

“आधी पान काढून दाखव बे राखुंडी. आजी असशील तुझ्या घरी.”