बाहुलीची पाठ

आमच्या इमारतीत नेट चौथ्या पायरीपर्यंत येतं. राउटर तळमजल्यावर सासूबाईंच्या फ्रिजवर आहे. पहिल्या मजल्यावर दीर-जावेकडे नेट नीट पोचतं आणि पुढे दुसऱ्या मजल्यावर, माझ्याकडे येता येता दम सोडतं. म्हणून दुपारी रीताज झोपली की मी दार उघडं ठेवून खाली उतरते आणि जिन्यात बसते, पहिल्या मजल्यापासून मोजली तर चौथी पायरी. डोकं झाकून, अर्थात. गच्चीवर भावजींची कबुतरं आहेत आणि कबुतरांकडे जायला भावजींना वेळकाळ लागत नाही.

इहाब कुवेतला गेला त्याला तेवीस महिने झाले. लग्नानंतर पंचेचाळीस दिवस तो इथे होता. रीताजला त्याने फक्त फोनमध्ये पाहिलंय. दर शुक्रवारी नमाजनंतर सासूबाईंच्या खोलीत सगळे जमतात, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात, आणि इहाबचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हिचे हे कुरळे केस कुणावर गेलेत गं? आमच्याकडे तर कुणाचे नाहीत."

सगळे हसतात. समोर भावजी बसलेले असतात. मी तरी काय सांगणार? मी रीताजचा हात धरून बाबांना टाटा करते.

उघड्या केसांचा फोटो पाठवावा म्हटलं, तर त्यानेच एकदा बजावलं होतं, "तसला काही पाठवू नकोस. आम्ही आठ जण एका खोलीत, फोन सगळ्यांच्या हातात फिरतो." त्यामुळे तेवीस महिन्यांत माझं डोकं त्याने उघडं पाहिलेलं नाही.

यंदा मौलिदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जयंतीच्या आधी अख्ख्या टांटा शहराला एकच वेड लागलं. बाजारात साखरेच्या बाहुल्या मांडल्या होत्याच, मागे कागदी पंख्यांचे पिसारे लावलेल्या, दरवर्षीसारख्या. पण लोक त्या घ्यायचे सोडून स्वतःच बाहुली व्हायला निघाले. ॲपमध्ये आपला फोटो टाकायचा, काय हवं ते लिहायचं, आणि मिनिटभरात आपण टेबलावर उभे: हातभर, चकचकीत, बाजूला आपल्या नावाचा खोका. मला ते चांगलं जमायला लागलं. रीताजच्या झोपेच्या तासात मी गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या बाहुल्या केल्या.

माझी जाऊ सौसन पायरीवर येऊन बसायची. "इनास, माझी कंबर जरा बारीक कर गं. बाहुलीला तरी असू दे."

"जाऊबाई, मग तुम्हाला ओळखणार कोण?"

"तुझे भावजी तसेही ओळखत नाहीत. कबुतर कर माझं, मग बघ कसे दाणे घालतात."

मौलिदच्या आधीच्या सोमवारी मी माझी बाहुली केली. फोटो साधा होता. सोफ्यावर मी, हिजाब नीट बांधलेला, मांडीवर रीताज. बाहुली इतकी गोड आली की मला वाटलं, हिला जरा फिरवू या, इहाब हसेल. मी लिहिलं, बाहुली हळूच गोल फिरू दे. व्हिडिओ यायला लागला. बाहुली अर्धी वळली आणि चाक फिरत राहिलं. नेट गेलं. वर रीताज उठून रडायला लागली. नेट आलं की जाईल म्हणून मी तो तसाच घरच्या ग्रुपमध्ये टाकला आणि धावत वर गेले.

पुढचा अर्धा भाग मी पाहिलाच नव्हता.

तासाभराने दार वाजलं. भावजी होते. हाताला ज्वारीचे दाणे चिकटलेले, नजर जमिनीवर.

"ते काढ," म्हणाले. "आत्ता काढ. मामा, आतेभाऊ, सगळ्यांनी बघितलं."

मी पायरीवर जाऊन पूर्ण पाहिला. बाहुली वळते, पाठ दिसते. मशीनला हिजाब मागून कसा असतो ते ठाऊक नसावं. त्याने त्याचा कागदी पंखा केला होता, आणि पंख्याखालून केस सोडले होते. काळेभोर, सरळ, कमरेपर्यंत. मग बाहुली पुन्हा समोर येते, हिजाब जागेवर, मांडीवर लेक, चेहरा माझा.

मी काढला. पण काढलेली गोष्ट तोवर आणखी तीन ग्रुपमध्ये गेली होती.

संध्याकाळी सासूबाईंनी बोलावलं. हजहून आल्यापासून सगळी गल्ली त्यांना हाग्गा म्हणते, मीही.

"हाग्गा, ते केस माझे नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक नाही तर कुणाला? बाळंतपणात तेल कुणी लावलं तुला? मूठ मूठ गळत होते, ते मीच गोळा करत होते." त्यांनी आवाज खाली आणला. "सौसनला ठाऊक, मला ठाऊक. पण मी बाहेर जाऊन काय सांगू? माझ्या सुनेचे केस असे नाहीत, तसे आहेत? चौकात उभी राहून तुझ्या केसांचं वर्णन करू?"

खरंच होतं. आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं की ते माझे नाहीत, आणि माझे कसे आहेत हे एकाही पुरुषाला सांगता येत नव्हतं.

"एकच माणूस सांगू शकतो," हाग्गा म्हणाल्या. "शुक्रवारी इहाब सांगेल. तोवर फोन इथे."

फोन फ्रिजवर गेला, राउटरच्या शेजारी.

पहिल्या रात्री मला जरा हायसंच वाटलं. नवरा आहे माझा, एका वाक्यात संपवेल. बुधवारी रीताजचे केस धुताना, तिच्या ओल्या कुरळ्या बटा हातात असताना, माझे हात थांबले. लग्नाच्या सकाळी सौसनने मला पार्लरमध्ये नेऊन केस काळे रंगवून, इस्त्री करून सरळ केले होते. "नव्या नवरीचं डोकं मेंढीसारखं नको." मग रोज पहाटे, तो उठायच्या आधी, मी न्हाणीघरात दार लावून केस सरळ करायची. पंचेचाळीस दिवस. एक दिवस चुकवला नाही.

त्याने माझे केस कधी पाहिलेच नव्हते. मशीनने काढले होते तसलेच पाहिले होते.

हे त्याला आधी कळवायला हवं होतं, एवढंच, चार शब्द. फोन फ्रिजवर. दोनदा मी साखर मागायला खाली गेले. दोन्ही वेळा हाग्गांनी साखर दिली आणि फ्रिजसमोरून हलल्या नाहीत.

शुक्रवारी फोन साखरेच्या डब्याला टेकवला. इहाब दिसला, साइटवरची टोपी घातलेला, डोळे लाल. रीताज "बा, बा" करत फोनकडे झेपावली.

भावजी म्हणाले, "दोन शब्दांत सांग भाऊ. तो व्हिडिओ आला असेल तुझ्याकडे. केस मशीनचे की हिचे?"

मी पडद्याकडे बघत राहिले. मान हलवली तर सगळ्यांना दिसणार होतं. मी डोळ्यांनी नाही म्हणत होते, पण चित्र मधेच थिजत होतं. त्याला काय दिसलं कोण जाणे.

"माझ्या बायकोचे केस मी ओळखणार नाही?" इहाब म्हणाला. "तिचेच आहेत." मग जरा हळू, "वाढलेत."

सौसनने ओढणीचं टोक तोंडावर घेतलं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की पुढचं वाक्य असं होतं: याला माहीत नाही. त्याच्या भावासमोर, त्याच्या आईसमोर. मी तोंड मिटलं.

"इनास," तो म्हणाला, "तसला फोटो त्या ॲपला दिलास, मला कधी पाठवला नाहीस."

"इहाब, तू..."

"राहू दे. फोन हाग्गाकडेच राहू दे. रमजानमध्ये येईन तेव्हा बघू."

त्या दिवशी त्याने रीताजच्या केसांचं विचारलं नाही. ती फोन काळा झाल्यावरही टाटा करत राहिली.

शनिवारी इहाबच्या मुकादमाचा भाऊ परत कुवेतला निघाला होता. दुपारी, रीताज झोपल्यावर, हाग्गांनी मला खाली बोलावलं. जमिनीवर त्याच्याबरोबर इहाबला पाठवायचा मौलिदच्या मिठाईचा खोका होता. तिळाची चिक्की, चण्याची, शेंगदाण्याची. हाग्गांनी दाराला कडी घातली.

"बस. डोक्यावरचं काढ."

मी काढलं. त्यांनी माझे केस हातात घेतले. आता मानेपर्यंतच आहेत, विरळ, तांबूस, आणि मेले कुठल्याही तेलाचं न ऐकणारे.

"रोज इस्त्री करायचीस ना गं? तो इथे असताना?"

"हो."

"मला खालपर्यंत जळका वास यायचा. वाटायचं, पोरीला दूधसुद्धा तापवता येत नाही." त्या बराच वेळ केस बोटांनी सोडवत होत्या. "तू काल बोलली नाहीस."

"कशी बोलू?"

"मीही नाही बोलले. आई असून. मुलाला काय सांगू, तुला तुझी बायको माहीत नाही? भावासमोर?"

"मग आता सांगा ना हाग्गा. फोन तुमच्याजवळ आहे."

"त्याने सांगितलंय फोन इथे राहू दे. राहील." त्यांनी शिवणाच्या डब्यातून कात्री काढली. "केस असे पाठवू नयेत. कुणाच्या हाती लागले तर करणी करतात. माझ्या आईने मला कंगव्यातलेसुद्धा जाळायला शिकवलं." पुटपुटत त्यांनी कुराणातली आयत म्हटली, मानेजवळची एक बट कापली आणि तिच्यावर तीनदा फुंकर मारली. बट तळहातावर पडली आणि तिथेच गोल झाली. अगदी रीताजची.

हाग्गांनी ती चिक्कीच्या पारदर्शक कागदात गुंडाळली आणि तिळाच्या थराखाली सरकवली.

"दर शुक्रवारी विचारतो ना, कुणावर गेलेत म्हणून," त्या म्हणाल्या आणि खोका मिटला. "डोकं झाक. आणि ही चिकटपट्टी दातांनी तोड, माझे दात गेले."

मी हिजाब बांधला. मग खोका गुडघ्यांमध्ये धरला आणि पट्टी तोडली.