एल्वाच्या जागी एल्वा

माझ्या नवऱ्याने, क्लॅरीने, आणि मी फार वर्षांपूर्वी दोघांत मिळून एक ईमेल पत्ता काढला होता. त्या काळी घरात कॉम्प्युटर एकच, म्हणून पत्ताही एकच. पुढे क्लॅरी गेला, मग ती ईमेलची कंपनीही बंद पडली. शनिवारी लॉन बोल्सची, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या आमच्या खेळाची, फायनल होती आणि क्लबच्या यादीत माझा तोच पत्ता होता.

सेक्रेटरी नोलीन म्हणाली, "नवा पत्ता घालायचा तर जुन्यावरून होकार यायला हवा. नाहीतर खेळता येणार नाही."

"अगं, तो पत्ता मेलाय!"

"पत्ता कसला मरतोय! सभासद मेला, तरच पत्ता निघतो."

"मग मला मेलेली लिही."

नोलीनने यादीत खरंच लिहिलं, 'एल्वा, मयत.' सगळ्यांनी टोप्या काढून मिनिटभर स्तब्धता पाळली. मीही उभी राहिले, क्लॅरीच्या वेळी राहिले होते तशीच. चहा झाल्यावर मी नव्या सभासदाचा अर्ज भरला.

शनिवारी आमच्या संघात एक जागा रिकामी होती. कॅप्टन डल्सीने दंडावर काळी फीत बांधली होती. तिने मला बोलावलं आणि म्हणाली, "एल्वाची सर तुला यायची नाही, बाई. पण घाबरू नकोस, टाक गोळा."