उंबरठ्यावरची आजी

बेगायीमच्या धाकट्या भावाला पाळण्यात बांधायचा सोहळा झाला, त्याच शरदात तिच्या वर्गातल्या नाझिकला लग्नासाठी पळवून नेलं. नाझिक पंधरा वर्षांची. पळवणारा हेडमास्तर मुकाशचा पुतण्या. त्या घरात तिच्या डोक्याला नवरीचा पांढरा रुमाल बांधला आणि ती निसटू नये म्हणून घरची म्हातारी दारात आडवी पडून राहिली. म्हाताऱ्या बाईला ओलांडणाऱ्याला जन्माचा शाप लागतो, असं सगळा गाव मानतो.

बेगायीमची आजी बूबुसारा हिच्या कानावर हे आलं. सोळाव्या वर्षी तीही अशाच एका म्हातारीपाशी अडली होती. शाळेत जायचं राहूनच गेलं. अक्षरं ती शिकली सत्तरीनंतर, या नातीकडून.

"आजी, शाळेच्या भित्तिपत्रकात मुलांच्या हक्कांवर लिहायचंय. नाझिकचं लिहू?"

"मग काय मेंढ्यांचं लिहिणार? आधी कायदा काय म्हणतो ते नीट वाच. मग लिही. आणि खाली नाव घाल."

बेगायीमनं लिहिलं. खाली नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. बूबुसारा पोचली तेव्हा वर्गात मुकाश भिंतीवरून तो कागद उतरवत होता आणि बेगायीम रडकुंडीला आली होती.

"मुकाश, राहू दे तो तिथंच."

"आजी, घरी जाऊन चहा प्या. तुम्हीच पोरीला डोक्यावर चढवलंय."

बूबुसारानं काठी भिंतीला टेकवली आणि वर्गाच्या उंबरठ्यावर सरळ आडवी झाली.

"आता ने बाहेर. ओलांड मला."

"उठा हो, लोक येतील!"

"येऊ देत. पोरींना अडवायला हे चालतं, मग तुला का नाही?"

लोक आले. दाराबाहेर दाटी झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, खिडकीतून या!" खिडकीला गज होते. सगळे हसले. मुकाश लाल झाला. "फाडून टाकतो हा कागद!"

"फाडा," बेगायीम म्हणाली. "मला पाठ आहे."

आणि तिनं मोठ्यानं म्हणून दाखवलं. अठराच्या आत लग्न लावता येत नाही. शिकणं हा आमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. नाझिकला परत आणा.

हसणं थांबलं. नाझिकचा बाप तोक्तोबेक टोपी चुरगाळत उभा होता. "मी काल गेलो होतो," तो पुटपुटला. "म्हातारी दारात पडलीय. पोर शापाला भिते."

"मग पुन्हा जा," बूबुसारा जमिनीवरूनच म्हणाली. "पोरीला सांग, बेधडक ओलांड. शाप बूबुसाराच्या डोक्यावर. जा, तू येईपर्यंत मी इथून हलत नाही."

तोक्तोबेक गेला. दुपारी नाझिक त्याच्या मागून चालत शाळेत आली, रुमालाशिवाय. तेव्हा कुठं बूबुसारानं उठायला हात मागितला.

त्यानंतर नऊ वर्षांनी, मार्च महिन्यात, बूबुसारा घरी झोपेत वारली. तेव्हा ती सत्त्याऐंशी वर्षांची होती.