घराचे कान

"होय बेन, मीच किरीट बोलतोय," वालजीभाई फोनवर ठणकावून म्हणाले, आणि खोटं बोलल्याची शरम वाटून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

किरीट त्यांचा मुलगा, जन्मापासून बहिरा. इंटरनेटचं कनेक्शन त्याच्या नावावर, आणि कंपनीचा नियम असा की तक्रार करायची तर ज्याचं कनेक्शन त्यानेच फोनवर बोलायचं. आता बहिऱ्याने फोनवर बोलायचं कसं, हा विचार नियम करणाऱ्याच्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल. म्हणून आज बापच मुलगा झाला होता.

"जन्मतारीख सांगा, सर."

ती त्यांनी घडाघडा सांगितली. पुढे ती मुलगी काहीतरी भराभर बोलली.

"हं?"

ती पुन्हा बोलली.

"हां हां. होय. अगदी बरोबर."

शेवटी ती मुलगी ओरडलीच, "सर, इंटरनेटच्या डब्यावरचा कुठला दिवा लाल आहे, ते विचारतेय मी! घरात ऐकू येणारं कुणी आहे का?"

हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. "आहे की! मी आहे!" वालजीभाई खवळले आणि त्यांनी फोन आपटला.

समोर चटईवर सून दक्षा बांधणीच्या कापडाला दोऱ्याच्या गाठी मारत बसली होती. तीही बहिरी. हात थांबवून तिने खुणेने विचारलं, "काय म्हणाली?"

"माणूस पाठवतायत," वालजीभाईंनी हातांनीच थाप मारली.

झालं होतं असं. बांधणीच्या कामाला मान खाली घालून बसावं लागतं, आणि सहा महिन्यांची हेली आतल्या खोलीत पाळण्यात असते. किरीटने पाळण्याजवळ एक छोटं यंत्र बसवलं होतं. हेली रडली की ते ऐकायचं, आणि दक्षाच्या डोक्यावर टांगलेला दिवा लुकलुकायला लागायचा. सगळा कारभार वायफायवर. छान चाललं होतं. मग कंपनीने अहमदाबादेत बसल्या बसल्या घरातल्या डब्याला काहीतरी केलं, आणि वायफायचं नाव, पासवर्ड सगळं पुसून पहिल्यासारखं झालं. दिवा बिचारा जुनंच नाव शोधत राहिला. किरीटने पुन्हा सगळं जुळवलं. कंपनीने पुन्हा पुसलं.

खरं सांगायचं तर, दिवा विझला तेव्हा वालजीभाईंना आतून बरं वाटलं होतं. किरीट जन्मल्यापासून या घराचे कान तेच. दाराची कडी वाजली, कुकरची शिटी झाली, दूधवाल्याने हाक मारली, सगळं ऐकायचं काम त्यांचं. बायको गेल्यावर तर एकट्याचंच. दक्षा लग्न होऊन आली, तेव्हा रीतीप्रमाणे सासऱ्यासमोर तोंडावर पदर ओढून बसली. वालजीभाईंनी पहिल्याच दिवशी तो पदर बंद करवला. "तिचं तोंड झाकलं तर ती बोलणार कशी, आणि मला कळणार कसं?" जातवाल्यांनी नाकं मुरडली, ह्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि एवढं सगळं केलेल्या माणसाच्या जागी आता दिवा? दिव्याला काय कळतंय, पोर भुकेनं रडतंय की पोट दुखून?

पण पितळेच्या कारखान्यात जन्मभर पॉलिशच्या यंत्रासमोर उभं राहून त्यांचेच कान गेले होते. हळूहळू गेले. कुणाला सांगितलं नव्हतं.

फोन आपटला त्याच दुपारी ते झोपाळ्यावर बसले होते. आतलं दार उघडं, सगळं लक्ष आत. घर शांत होतं. एवढ्यात समोरच्या मंजुबेन पिठाचेच हात घेऊन धावत आत शिरल्या.

"अहो वालजीभाई, समाधी लागलीय का? पोर रडून रडून काळीनिळी झाली! माझ्या चुलीपाशी ऐकू येतंय, आणि तुम्ही झोके घेताय?"

दक्षाने मंजुबेनचं तोंड पाहिलं आणि बांधणी भिरकावून आत धावली. ती हेलीला घेऊन बाहेर आली, तेव्हा पोर हुंदके देत होतं. नुसते हुंदके. रडायचा आवाजच संपला होता.

वालजीभाईंना वाटलं, धरणी दुभंगावी. त्यांनी कानाला हात लावला आणि मूठ हवेत उघडून दाखवली. गेले.

"केव्हापासून?" दक्षाने विचारलं.

"बरेच दिवस झाले."

"सांगितलं का नाही?"

वालजीभाईंनी खुणेने विचारलं, "मग मी या घरात कशाला उरलो, बेटा?"

दक्षाने हेलीला खांद्यावर टाकलं आणि मोकळ्या हाताने कपाळ बडवलं. "अख्ख्या जामनगरात बहिरेपण लपवायला तुम्हाला आम्हीच सापडलो?"

हसावं की रडावं, त्यांना कळेना. दोन्ही झालं.

दुसऱ्या दिवशी किरीट स्वतः इंटरनेट जोडून देणाऱ्या केबलच्या ऑफिसात गेला आणि जिग्नेश नावाच्या माणसाला घेऊनच आला. जिग्नेशने डबा पाहिला आणि वालजीभाईंच्या कानाशी येऊन मोठ्याने सांगितलं, "काका, हा डबा तुमच्या भिंतीवर असला तरी मालक कंपनी. तिकडून कळ फिरवतात. मलाही आत शिरता येत नाही."

"वा रे वा! भिंत माझी, वीज माझी, आणि राज्य त्यांचं?"

"म्हणून तर सांगतो, स्वतःचा राउटर घ्या. कंपनीच्या डब्यातून वायर काढून त्याला जोडा, आणि दिवाबिवा सगळं तुमच्या राउटरच्या वायफायवर. मग कंपनीच्या डब्याच्या वायफायचं नाव त्यांना रोज बदलू दे. बाहेरचं दार त्यांचं, आतलं घर तुमचं."

संध्याकाळी किरीट राउटर घेऊन आला. पिशवीतून राउटर निघाला आणि एक नवा दिवाही निघाला. तो त्याने झोपाळ्याच्या वर लावला.

"हा कुणाला?" वालजीभाईंनी विचारलं.

किरीटने त्यांच्याकडे बोट दाखवलं.

त्या रात्री वालजीभाई थोडंच जेवले. ज्या पोरांचे कान होऊन जन्म काढला, त्यांच्याच पंगतीला येऊन बसलो, असं त्यांना वाटत राहिलं. वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पुढे कंपनीने पुन्हा एकदा सगळ्यांचे डबे पुसले. मंजुबेनच्या घरचं वायफाय बंद पडलं, गल्लीत आरडाओरडा झाला. ह्यांच्या घरात कुणाला पत्ताही लागला नाही.

त्याच दुपारी झोपाळ्यावरचा दिवा लुकलुकला. वालजीभाईंनी दक्षाकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरचा दिवाही लुकलुकत होता, त्याचा उजेड तिच्या बोटांवर, दोऱ्यावर, लाल कापडावर पडत होता. दारात मांजराची सावली हलली तरी मान वर करणारी ही पोरगी. पण तिने मान वर केली नाही. एक गाठ मारली, दुसरी घेतली.

वालजीभाई काय ते समजले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. पाळण्यात हेली तोंड उघडून रडत होती. त्यांना ते फार लांबून आल्यासारखं, बारीक ऐकू आलं. त्यांनी ओलं दुपटं काढलं, कोरडं बांधलं, आणि तिला छातीशी धरून बाहेर आले.

आता दक्षाने मान वर केली. भाबडा चेहरा करून तिने हातांनी विचारलं, "रडत होती?"

"खूप," वालजीभाईंनी एका हाताने सांगितलं.